जावयाचं मटण, मंद आचेवर

अनुसयाला राग येतो तेव्हा ती ओरडत नाही, चावते. तिच्या नवऱ्याच्या, आनंदाच्या, उजव्या मनगटावर दातांची खूण आहे. लग्नानंतर त्याने एकदाच तिच्यावर हात उगारला होता, आणि तिने तो हात तोंडात धरला तो रक्त येईपर्यंत सोडलाच नाही. पुढे आयुष्यभर आनंदा सुरतेच्या लिंबायतमधला सगळ्यात शहाणा नवरा म्हणून नांदला. कतारगामच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायचा, पगार बायकोच्या हातात द्यायचा आणि चहा स्वतः करून प्यायचा.

मी छाया, तिची शेजारीण. ती खानदेशची, मी वऱ्हाडातली, आणि आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. मी दारात बसून साड्यांचे धागे कापते, ती वेसूत एका मॅडमकडे स्वयंपाकाला जाते. या बाईसारखी तापट बाई सुरतेत दुसरी नसेल, मी सोडून.

मॅडमनेच तिला तो स्लो कुकर दिला. हौसेने मागवला, दोनदा वापरला आणि कंटाळून देऊन टाकला. जाड चिनी मातीचं काळं भांडं, वर काचेचं झाकण, खाली विजेवर तापणारा डबा, त्याला पुढे एक बटण: लो, हाय, बंद. ना जाळ, ना शिट्टी. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, हा तर मेलेला कुकर आहे.

अनुसयाने सुरुवातीला त्याचे जे हाल केले ते मी पाहिले आहेत. पहिल्यांदा साध्या कुकरच्या हिशोबाने पाणी ओतलं. यातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे मटणाचे तुकडे रश्श्यात बुडून मेले. दुसऱ्यांदा कांदा-खोबरं न भाजता तसंच घातलं, तर सगळ्या रश्श्याला कच्चा वास आला. तिसऱ्यांदा दर थोड्या वेळाने झाकण काढून बघितलं आणि संध्याकाळ झाली तरी हाडाला मांस घट्ट चिकटलेलं. तेव्हा मॅडमने फोनवर समजावलं: मसाला आधी परतून घे, पाणी बेताचं घाल, जून बोकडाचं मांस घे, आणि झाकणाला हात लावू नकोस. एकदा झाकण उघडलं की आतली गरमी जाते, पुन्हा भरून यायला अर्धा तास लागतो.

ही शेवटची गोष्ट तिने फार मनावर घेतली. झाकणाकडे आनंदाचा हात गेला की त्यावर पळी बसायची. माझ्याही हातावर बसली आहे. पण सकाळी लावून कामावर जायचं आणि परत येऊन मऊसूत मटण खायचं, याची तिला चटक लागली होती.

आता तिच्या जावयाबद्दल सांगते. सांगताना तोंड कडू होतं, पण त्याच्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

सागर चलथाणला राहायचा, साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. रुपाली ही अनुसयाची एकुलती एक लेक. पहिल्यांदा ती माहेरी आली तेव्हा तिचा पुढचा दात पडलेला होता. सागर मागोमाग न्यायला आला. लेक सासरी धाडायची तर जावयाला आधी मटण घालायचं, आणि जावईही ते जेवल्याशिवाय उठत नाही, अशी यांच्यात रीत. ज्या हाताने बायकोचा दात पाडला, त्याच हातात नळीचं हाड द्यायचं! अनुसयाने दिलं. साध्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, जावई जेवला आणि रुपालीला घेऊन गेला. दुसऱ्यांदा आली तेव्हा पाठीवर इस्त्रीचा तिकोनी डाग होता. पुन्हा शिट्ट्या, पुन्हा जेवण, पुन्हा पाठवणी. त्या दिवशी अनुसया माझ्याकडे आली आणि स्वतःच्याच मनगटाला चावली.

तिसऱ्यांदा रुपाली मोडलेला हात ओढणीत बांधून आली, आणि एकटीच आली. तीन वर्षांची वृषाली, तिची पोर, सागरने ठेवून घेतली होती. "तू जा, पोरीला हात लावू देणार नाही," असं म्हणाला होता. रुपालीला हाताचं काही वाटत नव्हतं. ती फक्त एकच म्हणत होती, त्याने काल वृषूलाही भिंतीवर ढकललं.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून आणलं तेवढ्यात सागरचा फोन आला, उद्या येतो न्यायला.  अनुसया मला म्हणाली, "छाया, तो आठे बठना ते तठे घर मोकळं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आनंदा आणि रुपाली चलथाणला निघाले. तिथे सागरची आई सरलाबाई एकटी असणार होती. पोर घ्यायची आणि रेल्वेगाडीने थेट नवापूर गाठायचं, आनंदाच्या बहिणीकडे. गाडी सुटेपर्यंत सागर इथे बसून राहिला पाहिजे, एवढंच काम अनुसयाकडे होतं. तिने मसाला परतला, जून बोकडाचं मटण स्लो कुकरमध्ये घातलं, बटण लो वर फिरवलं. मग भरलेला गॅसचा बाटला आम्ही दोघींनी ढकलत माझ्या खोलीत आणला.

सागर आला तो मोटरसायकलवरून, डोळे लाल, खिशात दारूची पोटली, प्लास्टिकच्या पिशवीतली. मी माझ्या दारात धागे कापत बसले होते. बाजूला कपडे धुवायचं लाकडी धोपटणं ठेवलेलं. अनुसयाच्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

"जवाईबापू, बठा," अनुसया म्हणाली. तिच्या आवाजात एवढा गोडवा मी कधी ऐकला नव्हता. "रुपाली तिना बाप संगे दवाखानामा गयी. हातले प्लास्टर करनं शे. येतीन ते. मटन टाकेल शे, जेवा आन मंग लई जा."

"हाऊ काय डबा शे?" त्याने स्लो कुकरला पायाने ढोसलं. "कुकर काढा मामी. चार सिटीमा काम खतम."

"बाटला संपना."

तो बसला. पोटली फोडली. त्याच्या फोनची बॅटरी गेली होती, पण खोलीत एकच प्लग, आणि त्यात स्लो कुकर. वायर काढायला गेला तर अनुसया म्हणाली, काढली तर मटण पहिल्यापासून. मटण त्यालाच खायचं होतं, म्हणून वायर तशीच राहिली.

थोड्या वेळाने तो उठला आणि झाकणाकडे हात नेला. अनुसयाने सवयीने त्याच्या हातावर पळी मारली. त्याने तीच पळी हिसकावली आणि तिच्या तोंडावर फिरवली. ओठ फाटला. मी धोपटणं घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, आज याचं डोकंच फोडते म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा पाय पुढे पडेना. मग ती मोरीवर रक्त थुंकायला आली तेव्हा हळूच बोलली, "मधमा पडू नको. जवलगून तो माले मारी ऱ्हायना, तवलगून तो आठेच शे."

तिला मारत होता तोवर तो इथेच होता, म्हणून मी परत येऊन बसले. माझ्या हातून त्या दिवशी चांगल्या साडीचे धागे तुटले.

दुपार चढली. ठरल्याप्रमाणे गाडी सुटायला हवी होती, आणि तेव्हाच माझ्या फोनवर आनंदाचा फोन आला. रडकुंडीला आला होता. सरलाबाई पोरीला घेऊन बारडोलीला बहिणीकडे गेली होती, दुपारनंतर येणार. ते दोघे तिच्या दारात बसून होते आणि पहिली गाडी गेली होती.  इकडे मटण शिजत आलं होतं, वास गल्लीभर सुटला होता. हा जेवला की उठणार, मोटरसायकलला किक मारणार आणि त्या तिघांना वाटेतच गाठणार.

ठरलेल्या खुणेने मी मोठ्याने ओरडले, "अनुसया, नळाला पाणी उशिरा येणार म्हणे!"

ती मान खाली घालून उभी राहिली. मी तिला इतकं हरलेलं कधी बघितलं नव्हतं. मग तिने तोंडावरचं रक्त पदराने पुसलं आणि सागरकडे वळली.

"जवाईबापू," ती म्हणाली, "देखा बरं शिजनं का."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. ज्या झाकणापायी तिने माझी बोटं सुजवली होती, ते ही त्याला स्वतः उघडायला सांगत होती! सागरने झाकण काढलं, वाफेचा लोट बाहेर गेला, त्याने तुकडा काढून चावला आणि थुंकला. "कच्चं शे!" झाकण कुठेतरी कडेला टाकलं. तिने सावकाश उचललं, सावकाश पुसलं, सावकाश ठेवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग तो खेळच सुरू झाला. जरा वेळ गेला की ती म्हणायची, देखा बरं. तो उघडायचा, वाफ जायची, तो शिव्या द्यायचा आणि हात चालवायचा. एकदा लाथ मारली, ती ओट्याच्या कडेवर आदळली. एकदा केस धरून तिचं तोंड त्या भांड्यावर वाकवलं, "देख, काय शिजाडं तू!" तिच्या गालाला वाफ लागली. ती बाई, जिने नवऱ्याच्या मनगटात दात रोवले होते, ती फक्त म्हणत होती, थोडा धीर धरा, जवाईबापू. त्याचा हात तिच्या तोंडाशी होता. एक चावा पुरला असता. मला रडू येत होतं आणि त्याचा गळा दाबावासा वाटत होता, दोन्ही एकदम.

ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. आनंदाच्या आवाजामागे गाडीची खडखड होती आणि वृषू काहीतरी मागत होती. सरलाबाईने पोर मुकाट्याने रुपालीच्या कडेवर दिली होती, दुधाची बाटलीसुद्धा. स्वतःच्या काळ्यानिळ्या दंडावर पदर ओढून ती आत गेली, असं रुपालीने नंतर सांगितलं.

"अनुसया, पाणी आलं!" मी ओरडले. माझा आवाज फाटला.

त्यानंतर तिने झाकणाला हात लावू दिला नाही. "आते नही," एवढंच म्हणाली, आणि तिच्या आवाजातला गोडवा गेला होता. पोटली संपून तो भिंतीला टेकून पेंगत राहिला. मटण शिजलं तेव्हा तिने ताट वाढलं, नळी त्याच्या वाटीत घातली. रीत पुरी केली. तो हाड चोखत म्हणाला, "रुपाली कोठे शे? आते निघनं शे."

"गयी," अनुसया समोर बसत म्हणाली. "पोरले लई गयी. कव्हयनंच शिजी जातं हाई मटन. तूच झाकन उघाडं. जितला येळ तू उघाडं, तितला मनी नातले भेटना."

झाकण उघडून त्यानेच वृषूला निसटायला वेळ मिळवून दिला होता, हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने ते काळं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या अंगावर घातलं. उकळता रस्सा तिच्या मांडीपासून पावलापर्यंत गेला, भांडं फरशीवर फुटलं. त्याने तिचा गळा धरला, आणि तेव्हा तिने दिवसभर राखून ठेवलेला चावा घेतला. त्याचा अंगठा तिच्या दातांत होता आणि तो किंचाळत होता. मी धोपटणं त्याच्या कोपरावर घातलं, मग गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला फार बरं वाटलं. आणखी दोन घातले. गल्लीतली माणसं आली, त्यांनी त्याला बाहेर ओढला, आणि पोलीस येईपर्यंत जे व्हायचं ते झालं.

अनुसयाचा पाय भरायला पावसाळा गेला. अजून लंगडते. केस चालू आहे. रुपाली आणि वृषू नवापूरहून परत आल्या, इथेच राहतात.

स्लो कुकरचं झाकण आणि खालचा डबा तेवढा शाबूत राहिला. अनुसयाने बाजारातून त्याच्या मापाचं एक पातेलं शोधून आत बसवलं. ते नीट बसत नाही, त्यामुळे आता सगळं आणखीच हळू शिजतं. परवा मी धागे कापत बसले होते आणि वृषू पाटावर चढून सारखी झाकण उचलून आत बघत होती. वाफ जात होती. रुपाली तिला ओरडली तशी पोर दचकली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीला चिकटली. अजून तशी करते ती.

अनुसया लंगडत उठली, पोरीला उचलून पुन्हा पाटावर उभी केली आणि झाकण तिच्या हातात दिलं.

"उघाड माय," ती म्हणाली. "आपले काय घाई शे?"