चतुर्दशीचं पान

श्राद्धाच्या दिवशी आनंदाने उड्या माराव्याशा वाटलेली मुलगी अख्ख्या डोंबिवलीत मी एकटीच असेन. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच ठाण्यात नोकरीला लागले होते, धाकटा भाऊ कॉलेजात होता.

बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांनी आत्महत्या केली होती. बिल्डिंगमध्ये मात्र आम्ही ‘हार्ट’ सांगितलं होतं. आईने असं पढवलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं तरी आम्ही ‘हार्ट’च म्हटलं असतं. आता भाऊ कॉलेज सोडून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला आणि मला धडकी भरली. ठाण्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांची मी चौकशीही करून आले. पण आई हटून बसली. ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ, त्यामुळे आमच्याकडे ‘याला ठाण्याला न्या’ हे वेड्याला उद्देशून म्हणायचे. शिवाय घरात आधी कुणाला असं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं तर? बाबांचं बिंग फुटू नये म्हणून ती पोराला पणाला लावत होती. रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

अशातच पितृपक्षातलं बाबांचं श्राद्ध आलं. शेजारच्या काकू दरवर्षीसारख्या वडे थापायला आल्या. पिंडदान उरकून भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला होता. काकूंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मीठ पुरे का विचारावं तशा सुरात विचारलं, “काय रे, जगणं नकोसं वाटतं का तुला?”

आईचा झारा थांबला. भाऊ म्हणाला, “हो. रोज.”

असलं त्याच्या डोक्यात भरवू नका, असं आई कळवळून म्हणाली.

“विचारल्याने नाही हो भरत. माझ्या भावाला कुणी विचारलंच नाही, तो गेला. आणि वहिनी, तुमच्याकडचं आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. हार्टने गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला कोण घालतं?”

पितृपक्षात ज्याचं त्याचं श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला. चतुर्दशी राखलेली असते ती अपघाताने, घाताने, नाहीतर आपल्याच हाताने गेलेल्यांसाठी. भिंतीवरच्या कॅलेंडरातही ते छापलेलं असतं. आई लोकांशी बिनदिक्कत खोटं बोलली होती, पितरांशी खोटं बोलायची मात्र तिची छाती झाली नव्हती. आणि पाच वर्षं आम्ही तिघं झाकली मूठ आवळून बसलो होतो! मला हसूच फुटलं. आई आधी रडली, मग तीही हसली. बाबांविषयी आम्ही पहिल्यांदाच खरं बोललो, एकमेकांचं बोलणं तोडत, भराभरा. वड्यांचा एक घाणा करपला. मध्येच भावाने विचारलं, तुझे ते डॉक्टर कधी भेटतात गं? त्या क्षणी मला खरंच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. अमावास्येला आई कुठल्या कामाला हात घालत नसे, पण त्या दिवशी तीच सगळ्यात आधी चपला घालून उभी. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सवयीने विचारलं, निघालात कुठे?

“ठाण्याला,” आई म्हणाली. “याला मनाच्या डॉक्टरांना दाखवायला.”

मी दोन दोन पायऱ्या टाकत खाली उतरले.

पुढे औषधं झाली, डॉक्टरांशी बोलणं झालं, मध्ये दोनदा तो पुन्हा भिंतीकडे वळलाही. तो सावरायला दीडेक वर्ष गेलं. हल्ली वडे तोच थापतो, जाडेभरडे आणि वाकडेतिकडे. चतुर्दशीला आमच्याकडे पान अजून एकट्या बाबांचंच वाढलं जातं.