चौथा कप

आमच्या रोजगार कार्यालयात बाईंची खुर्ची नवीकोरी राहिली, कारण अकरा वर्षांत त्या तिच्यावर फारशा बसल्याच नाहीत. साहेब त्यांना पाठीमागे भटकभवानी म्हणायचे. मीही म्हणायचो, आता कशाला साळसूदपणाचा आव आणू? मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचो. माझ्या ताब्यात कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्का, आणि ज्याच्या हातात शिक्का असतो त्याला उठण्याची गरज पडत नाही, असं माझं मत होतं.

बाईंना एक खोड होती. कोणाला एखाद्या कामावर पाठवायचं, तर आधी स्वतः तिथे जाऊन दिवसभर ते काम करायचं. एकदा छापखान्यात दिवस काढून आल्या. कान बधिर झालेले, पण चेहरा फुललेला. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तिथे यंत्रांच्या आवाजात कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. सगळे हातवारेच करतात." आमच्याकडे ऐकू न येणारी एक मुलगी दोन वर्षं खेटे घालत होती. ती तिथे लागली, आणि महिन्याभरात अख्खा छापखाना तिच्याकडून नीट हातवारे शिकला. तुरुंगातून सुटलेला एक जण आत सहा वर्षं पाव भाजत होता. बाईंनी बेकरीवाल्याला आधी त्याचा पाव खायला घातला आणि मग त्याचा इतिहास सांगितला. तोवर घास गिळून झाला होता. वीस वर्षं सात माणसांचे डबे केलेली एक गृहिणी अर्जात 'अनुभव नाही' असं लिहून आली, तेव्हा बाईंनी तो अर्ज माझ्यादेखत फाडला. ती आज एका हॉस्पिटलचं स्वयंपाकघर चालवते.

पण ऑपरेटरपुढे बाईंचंही डोकं चालेना.

हे ऑपरेटर सेहेचाळीस वर्षांचे. जन्मापासून दिसत नाही. अठरा वर्षं एका मोठ्या कंपनीत फोन जोडून द्यायचं काम केलं. मग कंपनीने यंत्र आणलं आणि यांना हार घालून घरी पाठवलं. घर बायकोच्या शिवणावर चालू लागलं. एका हॉटेलने स्वागतकक्षात घ्यायला नकार दिला, कारण काय, तर पाहुण्यांना बरं वाटणार नाही. दुसऱ्या ठिकाणी पडद्यावर बघून बोलायचं काम होतं. तिथेही नन्नाचा पाढा. आणि आमचा नियम असा की तीनदा नकार मिळाला की फाईल बंद. मग मी तिच्यावर 'बंद' असा शिक्का मारतो, ती माझ्या कपाटात जाते आणि कपाटातून काही बाहेर येत नाही.

"खुर्च्या विणायचं काम आहे एक," मी सुचवून पाहिलं.

"दिसत नाही म्हटलं की खुर्च्या विणा," ऑपरेटर शांतपणे म्हणाले. "साहेब, मी कधी सुईत दोरा ओवला नाही. बोटं माझी फोनच्या बटणांवर वाढलीत." मग बाईंकडे वळून म्हणाले, "ताई, पगाराचं जाऊ द्या. मी रोज दुपारी एक वाजता ऑफिसातून घरी फोन करायचो. जेवलीस का, एवढंच विचारायला. आता दिवसभर घरीच असतो. फोन कुठून करणार?"

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर बाईंची खुर्ची रिकामी होती.

बाई चिनी मातीच्या कारखान्यात होत्या. तिथे भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी दांडीने हळूच वाजवून बघतात. चांगला कप खणखणीत वाजतो. आत बारीकसा तडा असला तर आवाज बद्द येतो. हे काम करणारा माणूस सोडून गेला होता आणि म्हातारे मुकादम एकटेच निभावत होते. बाईंनी दिवसभरात शंभर कप वाजवले आणि तडा गेलेले सात पास केले. मुकादम वैतागले. "बाई, कपाकडे बघता कशाला? ऐका की." बाईंनी वळून पाहिलं. मुकादम स्वतः कप वाजवताना डोळे मिटून घेत होते.

बाईंनी तिथेच दांडी खाली ठेवली. "माझ्याकडे माणूस आहे," त्या म्हणाल्या.

मॅनेजर मात्र ऐकेना. भट्टी आहे, ढकलगाड्या फिरतात, कोण धडपडलं तर जबाबदार कोण? बाईंनी फाटकापासून कप वाजवायच्या स्टुलापर्यंतची वाट डोळ्यांना रुमाल बांधून अकरा वेळा चालून दाखवली. नडगी एकदाच फुटली, एका गाडीला आपटून. ती गाडी कायम वाटेतच लावलेली असायची आणि कामगारांनाही रोज लागायची. बाईंनी ती हलवायला लावली. शेवटी मॅनेजर म्हणाला, एकदा परीक्षा घेऊ.

तिसऱ्या मुलाखतीला आमच्याकडचे दोघे हजर लागतात, म्हणून मलाही उठावं लागलं. फाईल माझ्या काखेत होती, आणि खरं सांगतो, जाताना मी शिक्काही बरोबर घेतला होता. परत येऊन कशाला उगाच वेळ घालवायचा, असा माझा हिशेब.

टेबलावर तीस कप मांडले होते. त्यात तडा गेलेले तीन मुकादमांनी स्वतः मिसळले होते आणि त्यांच्या बुडावरचे नंबर एका यादीत लिहून मॅनेजरला दिले होते. ऑपरेटर स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि पहिला कप उचलला.

"दिसत नाही त्यांचे कान तिखट असतात म्हणे," मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला.

"थोतांड आहे ते," ऑपरेटरच म्हणाले. "माझा मेहुणा पण आंधळा आहे, त्याला दाराची बेल ऐकू येत नाही. मी अठरा वर्षं फोनच्या खरखरीतून माणसं ओळखली. त्याने झालंय हे."

त्यांनी कप एकेक करून वाजवले. घाई केली नाही. खोलीत फक्त तो आवाज. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. तीस कप झाले. बाजूला काढलेले कप होते चार.

मॅनेजरने यादी पाहिली. "तीन बरोबर. पण चौथा चांगला आहे. चांगला माल फेकणारा माणूस आम्हाला परवडायचा नाही."

माझा हात खिशात शिक्क्यावर गेला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

"तो चांगला नाही," ऑपरेटर म्हणाले. "पुन्हा वाजवा हवा तर."

मुकादमांनी वाजवला. मान हलवली. त्यांना तो खणखणीतच वाटला. ते तिथेच थांबले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण म्हातारा उठला, किटलीतलं उकळतं पाणी त्या कपात ओतलं आणि कप कोऱ्या कागदावर ठेवला. आम्ही पाचही जण कागदाकडे तोंड करून उभे. मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग कपाच्या बुडाशी कागद ओला झाला. टाचणीच्या डोक्याएवढा, मग नाण्याएवढा.

मुकादमांनी कप उचलून उजेडात धरला. "हा मी सकाळी पास केला होता," ते मॅनेजरला म्हणाले. "चहा ओतला की कप फुटतात म्हणून गिऱ्हाइकं सहा महिने बोंबलतायत ना? कप नाही बिघडले. माझे कान गेलेत." मग ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या सातला या. नको, आत्ताच बसा. चारशे कप पडलेत."

मॅनेजरने बाईंच्या कागदावर मुकाट्याने सही केली. बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मी शिक्का खिशातून काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून मीही टेबल सोडून बाईंबरोबर हिंडायला लागलो. साहेबांनी मलाही नाव ठेवलं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण त्या दिवशी आम्ही कारखान्यातून निघायच्या आधी ऑपरेटरने विचारलं, "किती वाजले?"

"एक वाजत आला," मी म्हणालो.

"इथे फोन आहे का?"

मुकादमांनी भिंतीवरच्या फोनपाशी त्यांचा हात नेला. पुढे कोणाची मदत लागली नाही. बोटं आकड्यांवरून झरझर गेली.

"जेवलीस का?"

पलीकडे आधी नुसतं शिलाई मशीन ऐकू आलं. मग ते थांबलं. "अहो," त्यांची बायको इतक्या मोठ्याने म्हणाली की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "कुठून बोलताय तुम्ही?"

"कामावरून," ऑपरेटर म्हणाले. "तू आधी जेवून घे."