मी न सोडलेली जागा

उंच पोरी शोधत पुण्याहून एक सर आमच्या कबड्डीच्या मैदानावर आले, तेव्हा आम्ही दोघी बारामतीत कॉलेजला होतो. मी इंदापूरकडच्या कळस गावची, ती तिथल्याच बावड्याची. आमच्या उंचीमुळं घरच्यांना लग्नाची काळजी लागलेली. सरांनी त्याच उंचीकडं बघून आम्हाला बोट वल्हवायला पुण्याला नेलं.

दोघींच्या बोटीत ती माझ्यासमोर बसायची, माझ्याकडं पाठ करून. तिची पाठ हलली की माझी वल्ही पडायची. ती दमली की तिचा डावा खांदा जरा लवकर खाली यायचा. हे तिच्या आईलाही ठाऊक नसेल. कितीतरी वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. देशासाठी पदकं आणली. आता ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेला कोणती जोडी जाणार, ते ठरायचं होतं.

त्याच सुमारास माझे वडील गेले. सकाळचा चहा पिता पिता गेले.

एसटी स्टँडवर माझी बॅग तिनंच उचलून आणली. म्हणाली, "तू जा. चाचणीला अजून वेळ हाय. तुझ्याबिगर मी कुणासंगं बसणार?"

सुतकात रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आई जेवली का, तू झोपलीस का, आज पाण्यावर वारा लई हुता, असलं काहीबाही.

तेरावं उरकून मी परतले, तर माझ्या कॉटवर दुसऱ्याच मुलीची बॅग होती. चाचणी ठरल्या तारखेच्या आधीच घेतली होती. ती त्या मुलीसोबत बसली आणि निवडलीही गेली. सर गोंधळून म्हणाले, "तुला कळवायचं तिच्यावर सोपवलं होतं. तू येणार नाहीस, असा तुझाच निरोप तिनं दिला."

चाचणीच्या दिवशीही तिचा फोन आला होता. त्या दिवशीही तिनं आईच्या जेवणाचंच विचारलं होतं.

मी तिला पाण्याच्या कडेला गाठलं. ती वल्ही पुसत होती. म्हणाली, "इतके दिवस तू वल्ह्याला हात लावला न्हवतास. तू बसली असतीस, तर दोघीबी घरी गेलो असतो."

"मग हेच फोनवर का न्हाय बोललीस?"

तिनं पुसलेलं वल्हं बाजूला ठेवून दुसरं घेतलं. मग म्हणाली, "बोलले असते, तर तू आली असतीस."

त्या मुलीसोबत पात्रता मिळवून ती ऑलिंपिकला गेली. पदक नाही मिळालं, पण इंदापुरात सत्कार मोठा झाला. मला आईसकट बोलावणं होतं. गेले नसते तर लोक जळते म्हणाले असते. फेटा बांधून ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मैतरणीनं वडिलांच्या दुःखात स्वतःहून माझ्यासाठी जागा सोडली. हा मान तिचा हाय."

सगळा मंडप उभा राहिला. मला स्टेजवर ओढून नेलं, माझ्या हातात हार दिला. समोर आई डोळे पुसत होती. मी वळून माईकपाशी उभ्या असलेल्या तिच्या गळ्यात हार घातला. तिनं मिठी मारली, तेव्हा माझे हात खालीच राहिले.

परतताना गाडीत आई म्हणाली, "बापासाठी एवढं सोडलंस व्हय? कधी बोलली न्हाईस."

"सोडलं न्हाय, आई. मला कळवलंच न्हाय तिनं."

दुसऱ्या दिवशी बावड्याहून त्या मैतरणीचा चुलता पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. आईनं त्याला चहा दिला, घरची खुशाली विचारली आणि बॉक्स तसाच त्याच्या हातात परत ठेवला. "आमच्यात न्हाय चालत," एवढंच म्हणाली.

मी आता भवानीनगरला शाळेत खेळ शिकवते. कुठल्याही कार्यक्रमात कुणीतरी माझ्या त्यागाचं कौतुक सुरू करतं. मी मध्येच थांबवून सांगते, मी काही सोडलं नव्हतं. लोक विनय समजून हसतात आणि आणखी टाळ्या वाजवतात.