सात नॅनोमीटरचं माप

कानिफनाथांनी आणि मी एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मी स्टोअरला, ते तपासणीला. शाफ्टचा व्यास दहा मायक्रॉननं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, जरी चुकला तरी अख्खी ट्रॉली परत पाठवायचे. मालकाचा मेहुणा एकदा गयावया करून गेला, तरी सही दिली नाही. बायकोला बांगड्या घेतानाही खिशातून व्हर्नियर काढणारा हा माणूस! आम्ही पोट धरून हसायचो. पण असा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला चीड येते. कुणाची, ते मात्र अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांची सृष्टी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाली. गेल्या वर्षी चिप तपासणाऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. पोरगी आपल्याच कामाला लागणार म्हणून कानिफनाथांना आभाळ ठेंगणं झालं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी केडगावात त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. सृष्टी मोठ्यानं उजळणी करत होती.

"चिप सात नॅनोमीटरची म्हणतात, पण तिच्यात सात नॅनोमीटर मापाचं असं काहीच नसतं. पूर्वी तो आकडा आतल्या एका भागाच्या लांबीशी जुळायचा. आता ते नुसतं पिढीचं नाव आहे. एका कंपनीची दहाची चिप दुसरीच्या सातच्या तोडीची असू शकते. तुलना करायची तर तेवढ्याच जागेत ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले बारीक स्विच, किती बसवलेत ते बघायचं."

कानिफनाथांनी कप खाली ठेवला. "काय बोलती तू? आमच्या मायक्रॉनचा हजारावा भाग म्हंजी नॅनोमीटर. माप हाय ते! सात लिवलंय म्हंजी सात भरलंच पायजे, न्हाईतर माल रिजेक्ट."

"अण्णा, पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं कधी माल तपासलाय का? एवढ्या मोठ्या कंपन्या खोटा आकडा लावतील व्हय? मापाबद्दल असलं बोललीस तर दारातनंच परत धाडतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा की तिला."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी मान डोलावली. जन्मभर मोजल्याशिवाय कुठल्या आकड्यावर विश्वास न ठेवलेला माणूस, जो आकडा त्याला मोजता येणार नव्हता त्याच्यावर डोळे मिटून विसंबला, आणि मी त्याला साथ दिली.

सृष्टीची निवड झाली नाही. कारण विचारलं तर "जागा भरल्या" एवढंच म्हणाली. कानिफनाथ वर्षभर वशिल्याच्या नावानं बोटं मोडत राहिले. भेटेल त्याला सांगायचे, "पोरीचं काय बी चुकलं न्हाई." ते ऐकलं की ती उठून आत जायची. पुढे ती कापडबाजारात रेडिमेड कपड्यांच्या दुकानात कामाला लागली.

परवा माझ्या भाचीच्या लग्नासाठी शर्ट घ्यायला आम्ही दोघं तिच्याच दुकानात गेलो. ती एका गिऱ्हाइकाशी बोलत होती.

"काका, नंबरावर जाऊ नका. ह्या कंपनीचा चाळीस त्या कंपनीच्या बेचाळीसएवढा येतो. नंबर नुसता नावाला असतो. अंगाला लावून बघा."

कानिफनाथ हातातला शर्ट तसाच धरून उभे राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, "सृष्टे, त्या मुलाखतीत त्यांनी सात नॅनोमीटरचंच इचारलं हुतं का?"

"हो."

"मग तू हे असंच सांगितलंस ना?"

तिनं विस्कटलेले शर्ट घडी घालायला घेतले.

"नाही अण्णा. तुमचं सांगितलं. साहेबांनी 'नक्की का' म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुमचंच सांगितलं."