तुटकी रॅकेट

काल सुषमाकडे गेले, तर हॉलमध्ये ती तुटकी रॅकेट अजून टांगलेली. धूळसुद्धा नव्हती तिच्यावर.

नागपुरातल्या त्या टेनिस स्पर्धेला आम्ही दोघी मैत्रिणी गेलो होतो. एका देखण्या खेळाडूच्या प्रत्येक फटक्याला मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. हरायला लागल्यावर त्याने रॅकेट जमिनीवर आपटली. सुषमा तेवढी उठून ओरडली, "काहून तोडून राहिला गा? मायनं हेच शिकवलं का?"

तो ओशाळून हसला. सामना संपल्यावर आमच्याकडे आला आणि ती रॅकेट तिच्या हातात दिली. माझाही हात पुढे झाला होता.

काल सुषमाने विचारलं, "नाव काय होतं वं त्याचं?"

मला अजून पाठ आहे.

"काय माहीत वं," मी म्हणाले.