पांढरी टोपी आणि डोंगरातलं फुटबॉलवेडं गाव

मला अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी शिकवायला येणार नाही. अमेरिकेत वीस वर्षं झाली. ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे मॅचबद्दल बोलत असतात तेव्हा मी चहा करायला जाते. तरीही डिसेंबरात दोन दिवस सुट्टी टाकून, चार तास गाडी चालवून मी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शाळेत फुटबॉलचा कार्यक्रम बघायला गेले, कारण श्रीधरकाकांचा फोन आला.

श्रीधरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले मित्र. चाळीसेक वर्षांपूर्वी ज्या डोंगरी गावात कोणी डॉक्टर जायला तयार नव्हता, तिथे ते गेले आणि तिथलेच झाले. आता रिटायर झालेत, काकू राहिल्या नाहीत. मुलगी शलाका आणि तिचा मुलगा तनय त्यांच्याबरोबर राहतात. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तनयला शोधत तिथे कोणी जायला नको.

"वैशू, बुधवारी ये," काका फोनवर म्हणाले. "येताना शाल, पेढे, हळदकुंकू आण. आणि नारळ. शेंडीचा आण. इथे मिळतो तो पार टकला असतो."

तनय किकर आहे. म्हणजे बाकीचे दहा जण धडका घेत असतात आणि हा अधूनमधून मैदानात येऊन दोन खांबांमधून बॉल मारून परत जातो. हे काम तो इतकं चांगलं करतो की तीन कॉलेजांनी त्याला पूर्ण शिकवणी-फी माफ करून बोलावलं होतं. एक कॉलेज त्याच गावातलं, काकांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरं शेजारच्या राज्यातलं. तिसरं दूर ॲरिझोनात. बुधवारी तो एकावर सही करणार होता. कुठल्या, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. पण गावातला पोरगा गावाच्याच कॉलेजकडून खेळणार हे गावाने गृहीत धरलेलं होतं, आणि काकांनी तर त्याहून जास्त.

मंगळवारी सकाळी घरून, हर्नडनहून निघाले. नारळ इंडियन स्टोअरमधून आदल्या दिवशीच आणला होता. तीन हलवून बघितले, तिसऱ्यात पाणी वाजलं. त्या बाजूला जाणाऱ्यांसाठी रस्ता असा: लीसबर्गवरून फ्रेडरिक, तिथून सत्तर नंबरचा हायवे पश्चिमेला, मग हॅनकॉकला डावीकडे अडुसष्ट नंबर. सकाळी नऊनंतर निघा, नाहीतर पहिला तास ट्रॅफिकमध्ये जाईल. अडुसष्टवर थोड्या वेळात एक अख्खा डोंगर मधोमध कापलेला दिसतो, त्यातले दगडांचे थर साट्याच्या करंजीसारखे उघडे पडलेत. तिथे थांबायला जागा आहे, बाथरूम स्वच्छ आहे, वारा मात्र कान उपटतो. पुढे चढ-उतार बरेच. उतारावर ट्रकचे ब्रेक गेले तर त्यांना घुसायला वाळूचे वेगळे रस्ते केलेत, ते बघून मी आपोआप डावी लेन धरली. कंबरलंडच्या आधीच पेट्रोल भरा. पुढे धुकं लागलं, फोनचा सिग्नल गेला आणि रेडिओवर फक्त प्रवचन आणि फुटबॉल उरलं.

गावात शिरताना पहिली पाटी टायरच्या दुकानाबाहेरची. टायर बदलण्याच्या भावाखाली काळ्या अक्षरांत: 'टॅन, घरीच राहा.' तनयचं तिथे टॅन झालंय. पुढे न्हाव्याच्या काचेवर तेच, चर्चच्या बोर्डावर तेच, फक्त देवाचं नाव जोडून. मला ते गोड वाटलं आणि थोडं अंगावरही आलं. सतरा वर्षांच्या मुलाला सगळं गाव रस्त्यात उभं राहून एकच गोष्ट सांगतंय.

जेवायला मेन स्ट्रीटवरच्या छोट्या हॉटेलात थांबले. इथे पेपरोनी रोल प्रसिद्ध आहे, पावात भरलेलं मांस. शाकाहारी लोकांनी नुसता चीजचा मागावा, देतात. कॉफी पाण्यासारखी, पण पुन्हा पुन्हा भरतात. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "टॅनसाठी आलात?"

"मी त्याची मावशी," मी म्हटलं. नातं समजावत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

"त्याच्या आजोबांनी माझी दोन्ही बाळंतपणं केली," त्या म्हणाल्या आणि मी खाल्लेला ॲपल पाय बिलात धरलाच नाही. मी त्याचे पैसे टिपेत ठेवून आले.

काकांच्या घरी गेले तर काका दारातच, अंगात गावातल्या कॉलेजचं केशरी-काळं जॅकेट, बाहीला ठिगळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण डोळे शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलाचे. त्यांनी मला त्या कॉलेजचं स्टेडियम दाखवायला नेलं. तिथे त्यांच्या दोन कायमच्या सीट आहेत, दरवर्षी पैसे भरून राखलेल्या. एक त्यांची, एक काकूंची. काकू गेल्यावर त्यांनी दुसरी सोडली नाही.

"आलो तेव्हा माझं नाव घेता येईना कोणाला," काका थंडगार बाकावर बसून सांगत होते. "पेशंट यायला घाबरायचे. मग एकाने मॅचला आणलं. पुढच्या शनिवारपासून हाफटाइमला निम्मा स्टँड मला गुडघे दाखवत होता. बस, झालो इथला."

"आणि तनय?"

"आता पुढची चार वर्षं तो खाली मैदानात आणि मी इथे. मला आणखी काय पाहिजे, सांग. मी काही त्याला बोललेलो नाही हं. एक शब्द नाही."

बोलायची गरज काय होती? ते जॅकेट तीन महिने अंगावर होतं. संध्याकाळी तनय भेटला. उंच, लाजाळू, हात मोठे. माझ्याशी मराठीत बोलायला लागला की दोन वाक्यांत इंग्रजीवर जातो. "मावशी, ड्राइव्ह कसा होता?" विचारलं, पेढे खाल्ले, वर निघून गेला. शलाका म्हणाली, "ताई, आठवडाभर नीट जेवला नाहीये. मी विचारत नाही. विचारलं तर सांगेल, आणि मग मला बाबांपासून लपवावं लागेल."

मी मोटेलवर उतरले होते. शंभर डॉलरच्या आत, गरम पाणी भरपूर, नाश्त्याला वॉफल स्वतः करून घ्यायचे. तिथे जाताना माझ्या मनात एवढंच होतं की उद्या दुपारी जेवून परत निघायचं.

बुधवारी सकाळी जिम भरलेलं होतं. पुढे टेबल, त्यावर केशरी-काळं कापड, माइक, सहीचा कागद आणि तीन टोप्या, एक केशरी, एक निळी, एक पांढरी. मला वाटलं कॉलेजांनी भेट पाठवल्या असतील, आपल्याकडे कॅलेंडर-डायऱ्या देतात तशा. टेबलामागे मध्ये तनय, एका बाजूला शलाका, दुसऱ्या बाजूला कोच. काका पहिल्या रांगेत.

सही करायच्या आधी औक्षण करायचं हे काकांनी मुख्याध्यापकांकडून पास करून घेतलं होतं. ज्योत लावायला परवानगी नाही, म्हणून बॅटरीचं निरांजन. कोणी करायचं? काकू नाहीत, शलाका खुर्चीत अडकलेली. "तूच कर ताई," ती म्हणाली. मुख्याध्यापकांनी लोकांना सांगितलं की हा आशीर्वादाचा रिवाज आहे, दोन मिनिटं लागतील. लोक आदराने शांत झाले.

मी ताम्हण घेऊन पुढे गेले. तनयला शाल पांघरली, कपाळाला कुंकू लावलं. आणि बघते तर डोकं उघडं. बोडक्या डोक्याने औक्षण करत नाहीत, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी विचारसुद्धा केला नाही. आमच्या घरी कपाटात एक पांढरी टोपी फक्त औक्षणासाठी ठेवलेली असायची. भाऊबीज असो, वाढदिवस असो, आई ती काढून माझ्या भावाच्या डोक्यावर ठेवायची. समोर पांढरी टोपी होती. मी ती उचलली आणि तनयच्या डोक्यावर घातली.

जिममध्ये एक आवाज झाला. ओरडा नाही, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्याचा. मागून कोणाची तरी खुर्ची सरकली. मला वाटलं निरांजन विझलं की काय. मी ताम्हण ओवाळतच होते तेवढ्यात शलाका अगदी हळू म्हणाली, "ताई, टोपी."

"काय झालं टोपीला?"

"जी टोपी तो घालेल, त्या कॉलेजात जातो."

पांढरी टोपी ॲरिझोनाची होती. मी सगळ्या गावासमोर, पाच-पन्नास फोनच्या कॅमेऱ्यांसमोर, त्याचा निर्णय त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले होते. मी टोपी काढायला हात पुढे केला.

तनयने माझा हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने टोपी चाचपली आणि नीट बसवली. मग माइकमध्ये म्हणाला, "मावशीला रूल माहीत नव्हता. पण टोपी बरोबर आहे." मग आजोबांकडे बघून मराठीत, "आजोबा, सॉरी. मला जायचंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळं जिम थांबलं. ते टेबलापाशी आले, माझ्या ताम्हणातला नारळ उचलला, तनयच्या ओंजळीत ठेवला आणि त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग सगळ्यात आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या. ठिगळाच्या जॅकेटात, एकट्याने. मग कोचने, मग हॉटेलातल्या बाईंनी, मग बाकीच्यांनी. तनयने सही केली.

जेवताना काका हसत-बोलत होते, पण वरण त्यांनी नुसतं ढवळलं. मी तीनदा माफी मागितली. "अगं, तू काहून मनाला लावून घेतेस," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

तनय माझी बॅग गाडीत ठेवायला आला. मी विचारलं, "खरं सांग. मी नसते तर कुठली उचलली असतीस?"

"केशरी," तो म्हणाला. "हंड्रेड पर्सेंट. सगळं ठरवून आलो होतो. बट तू ती घातलीस ना, मला इतकं हलकं वाटलं. मग परत काढताच येईना." मग म्हणाला, "हे आजोबांना नको सांगू. की मी राहणार होतो."

परतीचा रस्ता तोच. धुकं नव्हतं, तरी मी डोंगरापाशी थांबले नाही. निघताना टायरच्या दुकानाच्या पाटीवर फक्त टायरचे भाव उरले होते.

घरी आल्यावर आठवडाभर मी हे कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात मॅचचा विषय निघाला तर चहा करायला गेले नाही, उभी राहून ऐकलं. त्या गावाचं मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. एका पोराने जाऊ नये म्हणून इतका जीव लावायचा की त्याला हो म्हणण्याशिवाय जागा उरू नये. पण आपण तरी काय करतो? काका नागपूरहून निघाले तेव्हा त्यांना कोणी पाटी लावली नव्हती एवढंच. मी निघाले तेव्हा बाबा विमानतळावर आलेच नव्हते, कामाचं निमित्त केलं होतं. तनयचं ऐकल्यावर त्या निमित्तामागचं खरं कारण मला पहिल्यांदा दिसलं: ते आले असते तर माझा पाय निघाला नसता.

मग एका रविवारी काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा.

"वैशू, तुमच्या विमानतळावरून ॲरिझोनाला, फिनिक्सला डायरेक्ट फ्लाइट आहे ना?"

"आहे की. का?"

"इथली एक सीट सोडली मी. तुझ्या काकूची. त्या पैशांत तिकडच्या चार-पाच मॅच होतील. पुढच्या सीझनला मॅच असेल तेव्हा शुक्रवारी तुझ्याकडे यायचं, शनिवारी पहाटे विमान. चालेल ना तुला?"

मी म्हटलं, "चालेल काका. खोली तयारच आहे."

"आणि त्याला सांगून ठेव," काका म्हणाले. "मी येईन, ओरडेन, सगळं करीन. पण टोपी मी केशरीच घालणार."