दाजींचे धागे

माणसाला जीव दिला आहे तो केवळ स्नायू हलवता यावेत म्हणून, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ते अंबडला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत. वर्गात थोडं आणि वाटेत फार. वडीगोद्रीच्या बसमध्ये कंडक्टरने तिकिटाला चिमट्याने भोक पाडलं की दाजी त्याचा हात धरून विचारत, "आत काय होऊन राह्यलं माहितीय का?" आणि दोन्ही पंजे समोरासमोर आणून बोटं एकमेकांत सरकवत. "बोटं आखूड झाली का? बिलकुल न्हाई. नुसती सरकली. स्नायूतल्या धाग्यांचं बराबर असंच." तेवढ्यात कुणाचा तरी थांबा मागे पडलेला असे.

एकदा बाजारात स्नायूची रचना समजावताना त्यांनी दुकानातला कोरा दोरखंड पार उसवला. आधी पेड, पेडातून सुतळ्या, सुतळीतून धागे. "हा स्नायू, ही जुडी, हा तंतू, अन् तंतूच्या आत आणखी बारीक तंतू!"

दुकानदार म्हणाला, "समजलं सर. पण आता ह्याला बैल कोण बांधील?"

ते भेंडोळं अर्थातच घरी आलं.

अक्का या वेडाला हसायची. मग ती अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झाला होता. तिने भाकरीचं पीठ घेतलं, पण बोटं वळेचनात. परातीपुढेच ती रडायला लागली. "गेला माझा हात."

दाजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "गेला न्हाई गं. तंतू जिथल्या तिथंच हायेत, काम न्हाई म्हणून बारीक झालेत. रोज थोडं काम दे, भरतील."

मग काय, रोज सकाळी दोघं कणकेचा गोळा घेऊन बसू लागली. ती दाबायची, दाजी पाठ थोपटायचे. एकदा चिडून तिने गोळा त्यांच्यावर फेकला. तो कपाळावर बसला, तर हे टाळ्या पिटत ओरडले, "फेकता आला! फेकता आला!"

दोन-तीन महिन्यांनी मी गेलो तेव्हा तिने भाकरी थापली. एकीकडे जाड, दुसरीकडे फाटलेली. दाजींनी ती ठेच्याशी खाल्ली आणि दुसरी मागितली. मी चिडवलं, "दाजी, यात कोणता स्नायू?"

"जेव की मुकाट्यानं," ते म्हणाले. आणि ताटात खाली मान घातली.

आता दोघं लेकीकडे असतात. तिथल्या भाकऱ्या छान गोल असतात. जेवताना मला मात्र अंबडचं ते स्वयंपाकघर आणि ती फाटकी भाकरी आठवते.